थ्री नॉट थ्री: बॉडी इशापूरची, दस्ता ऑस्ट्रेलियाचा, बोल्ट भलत्याचाच. किंमत काय धरू?

मंडळी, बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगतो. ओहायोत राहतो, सिटिझन झालोय (हे लिहितोय कारण कोणीतरी विचारणारच. एच-वन वाल्यांनी असल्या गोष्टीला हात लावू नये, शिकारीचं लायसन्स वगैरे काही अपवाद सोडले तर इथला कायदा नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगू देत नाही). शेजारचे आजोबा मागच्या हिवाळ्यात गेले. परवा आजींनी बोलावलं, कपाटातून चादरीत गुंडाळलेली रायफल काढली आणि म्हणाल्या यावर इंडिया लिहिलंय, तूच घे, काय द्यायचं ते दे. आता काय द्यायचं ते दे म्हणजे नक्की किती, इथेच घोडं अडलंय.

बोल्टच्या (गोळी आत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग) खाली उजव्या बाजूला पट्टीवर मुकुट, त्याखाली जीआरआय (राजा जॉर्जची आद्याक्षरं), मग इशापूर (बंगालमधला रायफल कारखाना), १९४२ आणि मार्क थ्री स्टार हे मॉडेल. म्हणजे आपली थ्री नॉट थ्री, लहानपणी बँकेच्या दारात हवालदाराच्या खांद्याला दिसायची ती. पुढच्या लाकडात मॅगझिनच्या थोडं पुढे एक आडवा स्क्रू आरपार गेलाय, तो म्हणे इशापूरवाल्यांचा खास, लाकूड फाटू नये म्हणून. लोखंडावर जाड काळा रंग फासलाय. सोबत पाच गोळ्यांची एक क्लिप आहे आणि गोळ्यांच्या बुडावर के एफ. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी हो, आपलं खडकी! माझा मामा तिथेच रिटायर झाला, आम्ही बोपोडीत त्या भोंग्यावर घड्याळ लावायचो, आणि त्या गोळ्या मला सापडल्या कुठे तर ओहायोत चादरीत. असो.

जवळच्या एका दुकानात दाखवली तर त्याने बोल्टवरचा नंबर बघितला, दस्ता बघितला आणि दोन मिनिटात म्हणाला ही पार्ट्स गन आहे (वेगवेगळ्या रायफलींचे भाग जोडून केलेली), दीडशे डॉलर. मला ते पटलं नाही म्हणून घरी येऊन टॉर्च लावून सगळे नंबर लिहून काढले. बॉडी, बॅरल, नोजकॅप (नळीच्या तोंडाशी असलेली लोखंडी टोपी) आणि मागच्या साइटची पट्टी (उचलून खालून बघायची) चारही ठिकाणी एकच नंबर. फक्त बोल्टच्या दांड्यावर वेगळा, आणि तिथे तर एक जुना नंबर रेघ मारून खोडलाय आणि शेजारी नवीन ठोकलाय, पण तो नवीनही या बॉडीचा नाही. म्हणजे हा बोल्ट कधीतरी सैन्याच्या वर्कशॉपमध्ये रीतसर दुसऱ्याच रायफलला बसवलेला होता आणि नंतर कोणीतरी इकडे आणला असं मला वाटतं. बरोबर आहे का?

दस्त्यावर एसएलएझेड असा शिक्का आहे. स्लॅझेंजर, तीच टेनिसच्या रॅकेटवाली, युद्धात ऑस्ट्रेलियात लिथगो कारखान्याच्या रायफलींसाठी लाकूडकाम करत होती. पण माझ्या वाचनात आलं की या रायफलींच्या दस्त्यावर नंबर टाकायची पद्धतच नव्हती, शिपायाच्या हाताच्या मापाने आखूड लांब दस्ते बदलायचे. मग दस्ता वेगळ्या देशाचा आहे म्हणून भाव पाडणं हे त्या दुकानदाराने मला गिऱ्हाईक समजून केलं की खरंच संग्राहक त्याचे पैसे कापतात?

आणि हो, काळा रंग खरवडून लाकूड पॉलिश करून देतो असं एक मित्र म्हणतोय, मी त्याला अजून हात लावू दिलेला नाही. हा रंग फौजेनेच दिलेला असेल तर राहू दे असं माझं मत. चूक असेल तर सांगा.

अपडेट: दोघांनी सांगितलं म्हणून गनस्मिथकडे नेली. पॉइंट ०७४ इंचाच्या फील्ड गेजवर (गोळीच्या जागी घालून बघायचं माप) बोल्ट बंद होतोय, बंद व्हायला नको होता. म्हणजे हेडस्पेस (गोळीचं बूड बसायला बोल्टपुढे असलेली जागा) जास्त आहे, अशी चालवायची नाही. हिच्या नंतरच्या नंबर फोर रायफलीला शून्य ते तीन नंबरची, वाढत्या लांबीची बोल्टहेड (बोल्टची पुढची टोकं) मिळतात तसं हिच्यात नाही, एकेक लावून बघावी लागतात. बॅरल आतून ठीक आहे म्हणाला, थोडी गंजाची टोचणी आहे, जुन्या गोळ्यांच्या प्रायमरमधल्या क्षाराने होते तशी. खडकीच्या गोळ्या उडवू नकोस, उशिरा पेटतात, असंही बजावलं. उडवणार नव्हतोच, त्या मामाला फोटो काढून पाठवल्यात.

तर प्रश्न एवढाच उरला. चार नंबर जुळतात, बोल्ट परका, चालवायला नालायक, अशा इशापूरला खरोखर विकल्या गेलेल्या लिलावांत काय भाव आला हे कोणी बघितलंय का? मागितलेले भाव नकोत, ते लोक काहीही टाकतात. आजींना शनिवारी पैसे द्यायचेत, आणि त्या एक शब्द बोलणार नाहीत म्हणूनच मला कमी द्यायचे नाहीत.