अश्वगंधेच्या मुळातले बॅक्टेरिया आतलेच का वरचे?

परभणीची_लेक: एमएस्सी मायक्रोच्या प्रोजेक्टला अश्वगंधेच्या मुळातले एंडोफाइट काढायले, म्हणजे झाडाच्या आत राहून त्याला रोग न करणारे बॅक्टेरिया. मुळं आमच्याच बांधावरची, काळ्या रानातली. नळाखाली धुतली, ७० टक्के अल्कोहोलमध्ये १ मिनिट, मग हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचमध्ये, ३ मिनिटं, स्टराइल पाण्यानं तीनदा धुऊन तुकडे न्यूट्रियंट अगरवर, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीवर, ठेवले. दुसऱ्या दिवशी कापलेल्या टोकाला पांढरट सुरकुतलेली कॉलनी (बॅक्टेरियाचा पुंजका) पसरलेली, लई आनंद झाला, पण मॅडम म्हणल्या कशावरून आतले, मातीतलेच असतील. आता काय करू?

गोदाकाठ: मॅडमचं बरोबर हाय ताई. शेवटच्या धुण्याचं पाणी प्लेटवर टाकलं होतंस का? ते टाक, ४८ तास ठेव, काही उगवलं तर सगळं पहिल्यापासून. दुसरं, तुकडा कापायच्या आधी अगरवर दाबून उचलायचा, ठसा कोरा राहिला पाहिजे. आणि टोकं ब्लीचनंतरच छाटायची, आधी छाटली तर ब्लीच आत शिरतं न् आतले पण मरतात. सुरकुतलेली कॉलनी बॅसिलस नावाच्या बॅक्टेरियाची असू शकते, त्याचे स्पोर, म्हणजे टणक कवचातले झोपलेले रूप, अल्कोहोलनं मरत नाहीत. ग्रॅम स्टेन करून, म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली, बघ.

ऊसवाला_लातूर: आम्ही बेण्याला अॅसिटोबॅक्टर लावतो, ते ह्यातलंच का? आन् आत शिरतंय कुठून?

गोदाकाठ: हो काका, तेच. ब्राझीलमध्ये १९८८ ला उसातून काढलेलं, हवेतला नत्र धरतं. उपमूळ फुटताना साल चिरते, तिथून शिरतात न् पेशींच्या मधल्या फटीत राहतात. काही बॅक्टेरिया ऑक्सिन, म्हणजे झाडाच्या वाढीचं संप्रेरक, बनवतात, त्यानं मुळं वाढतात. पण अश्वगंधेचा गुण बॅक्टेरियामुळंच येतो असं जे मेसेज फिरायलेत ते धरू नका, विथॅनोलाइड, म्हणजे अश्वगंधेतले औषधी घटक, झाड स्वतः बनवतं, बॅक्टेरियानं फारतर कमीजास्त होतं.

परभणीची_लेक: दादा, नवीन मुळं घेऊन केलं. पाण्याची प्लेट कोरी, पण ठशात कॉलन्या उमटल्या, त्या बी एका ओळीत, बरोबर उपमुळाच्या खाचेपाशी. भिंगाखाली बघितलं तर खाचेत माती तशीच चिकटलेली. म्हणजे पहिली कॉलनी पण धरता येत नाही. उद्या सकाळी परत बांधावर जाते, मऊ ब्रश घेतलाय, खाचेतली माती निघाल्याशिवाय मूळ ब्लीचमध्ये टाकणार नाही.