एकच प्रश्न, दोघांचा शोध वेगळा. हा स्वभाव की घाई?

कुंडीवाला
जास्वंदीची पानं पिवळी पडायला लागली. मी फोन उचलला आणि टंकलं, 'जास्वंद लोहाची कमतरता उपाय'. तीन मिनिटांत औषध, प्रमाण, सगळं हातात. बायको मात्र 'पानं पिवळी का पडतात' इथून निघाली. तिथून मुळं, मग कुंडीचं भोक, मग कुठलीतरी बुरशी. तासाभराने अठरा टॅब उघडे आणि उत्तर एकही नाही. मी म्हणालो, तू शोधत नाहीस, भटकतेस. ती म्हणाली, तू तरी कुठे शोधतोस, ठरवलेल्यावर शिक्का मारून घेतोस. वाक्य लागलं, कारण शेवटी रोप उपटलं तर मुळं कुजलेली. पाणी जास्त झालं होतं आणि मी वरून लोह ओतत होतो.

हा विचार करण्याच्या पद्धतीतला फरक मानायचा का? की मी नुसताच उतावळा?

निवृत्त_ग्रंथपाल
दोन्ही प्रकारची माणसं आयुष्यभर टेबलापलीकडून पाहिली. गॉर्डन पास्क या ब्रिटिश संशोधकाने १९७०च्या दशकात त्यांना वेगळं काढलं. काही जण आधी सगळा आवाका पाहतात आणि तपशील नंतर भरतात, काही जण एकेक पायरी पक्की करत चढतात. वहिनी पहिल्यातल्या. तुम्ही स्वतःला दुसऱ्यातले समजत असाल, पण तुम्ही पायऱ्या चढलातच कुठे? थेट गच्चीवर उडी मारलीत.

आणि त्यांचं ते भटकणं नव्हे. माहिती-शोधाच्या अभ्यासक मार्शा बेट्स यांनी १९८९ मध्ये लिहिलं होतं की खरा शोध बोरं वेचण्यासारखा असतो: इथे एक, तिथे दोन, आणि वेचता वेचता मूळ प्रश्नच बदलतो. 'पानं' वरून 'कुंडीचं भोक' हा तसाच बदल. उत्तराच्या जवळ त्याच होत्या की!

दोन_चार_सहा
तुमचा किस्सा वाचून मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनचा १९६०चा प्रयोग आठवला. २-४-६ हे आकडे एका नियमात बसतात, तो ओळखा. तुम्ही तीन-तीन आकडे सुचवायचे, समोरचा फक्त 'बसतात' किंवा 'नाही' सांगणार. लोक ८-१०-१२ सुचवत राहिले, दर वेळी 'बसतात' ऐकून खूश झाले आणि 'दोनाने वाढणारे' असं ठोकून दिलं. नियम एवढाच होता: चढत्या क्रमाने. २९ जणांपैकी फक्त ६ जणांनी आधी एकही चुकीचा नियम न सांगता तो ओळखला. १-२-३ विचारून पाहिलं असतं तरी आपला अंदाज चुकतोय हे कळलं असतं.

तुमच्या शोधातच 'लोह' होतं, मग शोधयंत्र लोहाचीच वेबपानं दाखवणार. पाण्याबद्दल तुम्ही विचारलंच कुठे?

शिक्के_नकोत
एक खडा टाकतो. माणसांना असे कप्पे पाडून द्यायची फार घाई नको. शिकण्याच्या शैलींबद्दल (म्हणजे कुणी पाहून चांगलं शिकतं, कुणी ऐकून, असं मानणं) मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आढावा घेतला, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार सापडला नाही. तो मुद्दा शिकवण्याचा, मान्य. पण शोधताना विषय किती माहीत आहे यानेही बराच फरक पडतो. कुंडीवाले, तुमच्या कामातलं काही शोधायचं असतं तर?

कुंडीवाला
पकडलंत. मी हिशेबनीस. कामाचा नियम शोधताना मूळ परिपत्रक उघडून तारीख पाहिल्याशिवाय एक ओळ पुढे जात नाही. झाडाच्या बाबतीत मात्र पहिलं सापडलं ते वेदवाक्य.

औषधाचं तेच वेबपान आज परत उघडलं. त्यावर स्पष्ट लिहिलंय: लोह कमी पडलं तर आधी कोवळी पानं पिवळी होतात, शिरा हिरव्या राहतात. माझी तर खालची जुनी पानं गेली होती. ती ओळ माझ्या अंगठ्याखालून तेव्हाच सरकून गेली असणार. आता शोधताना 'हे लोहामुळे नाही हे कसं ओळखायचं' असंही टंकून पाहतोय. जड जातं, खोटं कशाला बोलू.

ग्रंथपालकाकांचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, अठरा नाही, तेवीस टॅब होते.