चोपन्नाव्या मॅसॅच्युसेट्सने पगार नाकारला, त्याचं काय?

पाणकणीस
अमेरिकन यादवीतल्या पलटणींवरच्या धाग्यात काल वाळूघड्याळ यांनी चोपन्नाव्या मॅसॅच्युसेट्सला, म्हणजे उत्तरेच्या बाजूने लढलेल्या काळ्या शिपायांच्या पलटणीला, तीन ओळींत निकालात काढलं: एक फसलेला हल्ला, गोऱ्या कर्नलचं स्मारक, वर एक सिनेमा, बाकी काही नाही. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

हल्ला फसला हे कुणीच नाकारत नाही. १८ जुलै १८६३ ची संध्याकाळ, चार्ल्सटनसमोरचं मॉरिस बेट. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला दलदल, मधल्या चिंचोळ्या वाळूवरून सुमारे सहाशे जण दक्षिणेच्या वॅगनर किल्ल्यावर चालून गेले. त्यातले मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून २७० च्या वर. पलटणीचा गोरा प्रमुख कर्नल शॉ तटावरच पडला, वय २५. पण त्यांच्या मागून गेलेल्या गोऱ्या पलटणींनाही तो किल्ला घेता आला नाही. मग फसल्याचा ठपका एकट्या चोपन्नावीवर का?

आणि वॅगनर म्हणजे या पलटणीच्या दोन वर्षांतली एक रात्र. मला त्यांचं मोठेपण पगारात दिसतं. भरतीच्या वेळी कबूल केले होते महिना १३ डॉलर, गोऱ्या शिपायाइतकेच. हातात ठेवले १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. उरले ७. पलटणीने ते घेतलेच नाहीत. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर अँड्र्यू याने राज्याच्या तिजोरीतून फरक भरून द्यायची तयारी केली, तेही घेतले नाहीत. दीड वर्ष फुकट लढले. फेब्रुवारी १८६४ मध्ये फ्लोरिडातल्या ऑलस्टीच्या लढाईत 'मॅसॅच्युसेट्सचा जयजयकार आणि महिना सात डॉलर' अशी आरोळी देत गेले. माघारीत इंजिन बंद पडलं, तर जखमींनी भरलेली आगगाडी दोर बांधून मैलोन् मैल ओढत आणली. याला 'बाकी काही नाही' म्हणायचं?

वाळूघड्याळ
'बाकी काही नाही' हे शब्द जास्त झाले, मागे घेतो. मूळ मुद्दा सोडत नाही.

लढणारे काळे शिपाई म्हणून हे पहिले नव्हते. कॅन्ससचे काळे स्वयंसेवक ऑक्टोबर १८६२ मध्येच आयलंड माउंडला लढले होते. पोर्ट हडसन मे १८६३, मिलिकेन्स बेंड जून. वॅगनरच्या आधीच्या या लढाया किती जणांना माहीत आहेत? तिथले बहुतेक शिपाई कालपरवापर्यंत गुलाम होते. चोपन्नावीत गुलामगिरीविरुद्ध लढणारा नामवंत काळा पुढारी फ्रेडरिक डग्लस याचे दोन मुलगे होते, पाठीशी बॉस्टनची वर्तमानपत्रं आणि गव्हर्नर. ज्याची बातमी छापून येते तो इतिहासात राहतो.

पगाराचंही तेच. काळ्यांच्याच तिसऱ्या साउथ कॅरोलायना पलटणीचा सार्जंट विल्यम वॉकर. याच अन्यायासाठी नोव्हेंबर १८६३ मध्ये त्याने आपल्या तुकडीला बंदुका खाली ठेवायला लावल्या. बंडाचा आरोप ठेवून २९ फेब्रुवारी १८६४ ला त्याला गोळ्या घातल्या. मागणी एकच होती. एकाच्या वाट्याला स्मारक आलं, दुसऱ्याच्या वाट्याला भिंत.

पाणकणीस
वॉकरचा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. पण म्हणून चोपन्नावीचं मोल कमी कसं होतं? वॉकरवर अन्याय केला तो सरकारने, या शिपायांनी नव्हे. आणि स्मारकाचं म्हणाल तर १८९७ मध्ये ते उभं राहिलं तेव्हा त्यावर अधिकाऱ्यांची नावं होती. वॅगनरला पडलेल्या काळ्या शिपायांची नावं कोरायला १९८२ उजाडलं.

चाळकरीण
१९८२ हा आकडा वाचला आणि राहवलं नाही.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. जानेवारी १९८२ ला संपावर गेले ते गेलेच. 'आहे त्या पगारावर आत जाणार नाही', हे वाक्य ऐकत मी वाढले. लोक त्यांना ताठ कण्याचा माणूस म्हणायचे. त्या ताठ कण्यासाठी आईने दोन घरची पोळीभाजी धरली, पाटल्या मोडल्या, आणि दादाची शाळा आठवीत सुटली. त्याबद्दल आईला कुणी काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

तुमचे शिपाई छावणीत सरकारी शिधा खात होते. त्यांच्या बायका काय खात होत्या? दीड वर्ष घरी एक पैसा नाही. राज्य फरक भरून देत होतं तेव्हा तरी घ्यायचा होता. पुरुषांनी नाकारायचं आणि बायकांनी भरायचं.

कापूसकोंड्या
गिरण्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. याच युद्धात दक्षिणेची बंदरं कोंडली गेली, लँकेशायरला कापूस मिळेना, आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, बँका आणि कंपन्या बुडाल्या. शेतकऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज मात्र राहिलं. १८७५ च्या सुपे वगैरे भागातल्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांचं मूळ शोधत गेलात तर...

चाळकरीण
कापूसकोंड्या, प्रत्येक धाग्यात कापूस! मी माझ्या आईचं सांगतेय, तुम्ही बाजारभाव सांगताय. थांबा जरा.

शिपाईगडी
ताई, मी सतरा वर्षं फौजेत काढली. माझी मनीऑर्डर महिनाभर उशिरा पोचली तर घरी काय व्हायचं हे मला माहीत आहे. तुमचं खोटं नाही. त्या शिपायांनाही घरची पत्रं येत होती, मुलंबाळं उपाशी असल्याची.

पण राज्याचे पैसे का घेतले नाहीत, ते समजून घ्या. १८६२ चा ज्या कायद्याचा आधार घेऊन १० डॉलर ठरवले, तो काळ्यांना खंदक खणायला, ओझी वाहायला ठेवण्यासाठी केलेला होता. वरचे पैसे दुसऱ्या खिशातून घेतले असते, तर वॉशिंग्टनच्या वहीत ते मजूरच राहिले असते. चोपन्नावीतल्या कॉर्पोरल गुडिंगने सप्टेंबर १८६३ मध्ये थेट लिंकनला पत्र लिहून हेच विचारलं: आम्ही सैनिक की मजूर? तो पुढे ऑलस्टीला जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला आणि जुलै १८६४ मध्ये दक्षिणेच्या अँडरसनव्हिल इथल्या कैदेत मेला. पगार त्यानंतर आला. त्याला शिधा मिळत होता म्हणून त्याने काही गमावलं नाही, असं म्हणू नका.

वाळूघड्याळ
शिपाईगडी, पगार आला तोही कसा, तेही सांगा. जून १८६४ च्या कायद्याने पूर्ण फरक त्यांनाच, जे १९ एप्रिल १८६१ ला स्वतंत्र होते. त्या दिवशी गुलाम असलेल्यांना मार्च १८६५ पर्यंत थांबवलं. वॉकरची पलटण यातच आली.

पाणकणीस
आणि चोपन्नावीतही पळून आलेले गुलाम होते. पूर्ण पगारासाठी स्वतंत्र असल्याची शपथ घ्यावी लागे; शॉनंतरचा प्रमुख कर्नल हॅलोवेल याने तिचे शब्दच असे बेतले की 'त्या तारखेला माझ्या श्रमावर कुणाचा न्याय्य हक्क नव्हता' हे प्रत्येकाला खरेपणाने म्हणता यावं. एकाही शिपायाला बाजूला काढू दिलं नाही.

वाळूघड्याळ
शपथेचं मला माहीत नव्हतं. चांगलं केलं त्याने. तरी आयलंड माउंडवर धागा काढा, मग बोलू.

चाळकरीण
गुडिंगचं वाचून गप्प झाले होते थोडा वेळ. त्याच्याबद्दल बोलले ते शब्द परत घेते. बायकांबद्दलचे घेत नाही.

वडील गेले तेव्हा त्यांच्या पाकिटात गिरणीचा पास निघाला, कडा झिजलेला. आईने तो पाहिला आणि परत पाकिटात ठेवला. फेकला नाही. का, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.