मदत हवी आहे: टीपीएमटी नॉर्मल, तरीही अ‍ॅझाथायोप्रिनवर पांढऱ्या पेशी उतरल्या

कुडाळ_फार्मसी
रुग्ण ल्युपसची (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), वय 34, वजन 48 किलो. अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) रोज 50 मिग्रॅने सुरू, दोन आठवड्यांनी 100. सुरू करण्याआधी टीपीएमटीची, म्हणजे हे औषध निकामी करणाऱ्या एन्झाइमची, तपासणी केली होती, रिपोर्ट नॉर्मल. चौथ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी 6,800 वरून 2,300, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 900. केस मुळापासून पुंजक्याने येतायत. ताप नाही. डॉक्टरांनी गोळी बंद केली आहे, प्रेडनिसोलोन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू आहे.
टीपीएमटी नॉर्मल असताना असं का व्हावं? की हा ल्युपसच? आणि पुढच्या तपासणीसाठी मुंबई गाठावी लागेल का? घरी लावणी तोंडावर आली आहे, म्हणून नातेवाईक घाई करतायत.

लॅबवाला_चिपळूण
आपल्याकडे टीपीएमटीवर थांबणं धोक्याचं आहे. युरोपीय लोकांत दोष बहुतेक त्याच एन्झाइमचा सापडतो, म्हणून जुनी पुस्तकं तेवढंच सांगतात. भारतीयांत आणि पूर्व आशियाई लोकांत एनयूडीटी15 या दुसऱ्या एन्झाइमचा दोष जास्त आढळतो. तो 2014 साली कोरियातल्या क्रोन्सच्या (आतड्यांचा आजार) रुग्णांत लक्षात आला.
अ‍ॅझाथायोप्रिनचं शरीरात 6-मर्कॅप्टोप्युरिन होतं आणि पुढे थायोग्वानिन न्यूक्लिओटाइड, हेच खरं काम करतं. टीपीएमटी वाटेतच काही औषध निकामी करून बाजूला काढतं. एनयूडीटी15 शेवटच्या टप्प्यावर बसलेलं असतं: डीएनएत शिरू पाहणाऱ्या ट्रायफॉस्फेट रूपाचं परत मोनोफॉस्फेट करतं. ते अधू असलं की नेहमीच्या डोसमध्येही अस्थिमज्जेतल्या, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या, पेशींच्या डीएनएत औषध भरत जातं. यात रक्तातली 6-टीजीएन (वरच्या थायोग्वानिन न्यूक्लिओटाइडची) पातळी नॉर्मलही येऊ शकते, तेव्हा त्या आकड्यावर विसंबू नका.
पहिल्या काही आठवड्यांत केस आणि पेशी एकदम उतरणं ही एनयूडीटी15 च्या जनुकाच्या दोन्ही प्रती (आईकडची आणि वडिलांकडची) सदोष असल्याची ठळक खूण. ल्युपसमध्येही केस गळतात, पण तिथे बहुधा लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी होतात. इतक्या वेगाने न्यूट्रोफिल पडले की आधी औषधावर संशय घ्यावा. तरी सी3, सी4 आणि अँटी-डीएसडीएनए या ल्युपसच्या रक्ततपासण्या करून घ्याच.
मुंबईला जायची गरज नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीत 2 ते 3 मिली रक्त घ्या, फ्रीजमध्ये ठेवून थंड पॅकसह पाठवा. गोठवू नका. जनुक तपासणीला औषध बंद असो वा चालू, फरक पडत नाही. फॉर्मवर फक्त 'टीपीएमटी' लिहू नका, नाहीतर पुन्हा तेच येईल. टीपीएमटी जनुकाचे *2, *3ए, *3सी हे सदोष प्रकार आणि एनयूडीटी15 चा 415 क्रमांकाचा सी-ते-टी बदल, असं दोन्ही स्पष्ट मागा.
एक विचारून घ्या: टीपीएमटीच्या आधी रक्त चढवलं होतं का?

कुडाळ_फार्मसी
होय. हिमोग्लोबिन 6 होतं म्हणून दोन बाटल्या दिल्या होत्या, त्यानंतर महिन्याने टीपीएमटी.

लॅबवाला_चिपळूण
मग तो रिपोर्ट बाजूला ठेवा. ती तपासणी लाल पेशींतलं एन्झाइम मोजते आणि दात्याच्या पेशी तीन-चार महिने राहतात. नॉर्मल आलं त्यात दात्याचंही एन्झाइम होतं. जनुकं दोन्ही बघा.

संधिवात_ओपीडी
आज करायचं ते आधी. थायोग्वानिन पेशींत रेंगाळतं, त्यामुळे गोळी थांबवूनही आठवडाभर पेशी आणखी उतरू शकतात. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आठवड्यातून दोनदा, न्यूट्रोफिल 1,500 च्या वर स्थिरावेपर्यंत. प्रेडनिसोलोन वाढवलं की न्यूट्रोफिल वाढलेले दिसतात, त्याने फसू नका.
ताप 100.4 फॅरनहाइट झाला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना. आणि लावणीच्या चिखलात या बाईंना उतरवू नका, हे घरच्यांना नीट समजावून सांगा. लेप्टोत (चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) पांढऱ्या पेशी बहुधा वाढतात. इथे मज्जाच दबलेली, म्हणून 'पेशी वाढल्या नाहीत, लेप्टो नाही' असा निष्कर्ष कुणी काढता कामा नये.
युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू आहे का ते चिठ्ठ्या चाळून बघा. दोन्ही झँथिन ऑक्सिडेज (अ‍ॅझाथायोप्रिन मोडणारं आणखी एक एन्झाइम) अडवतात आणि हेच चित्र उभं करतात. को-ट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकाचंही विचारा.
पुढचं जनुकांवर. सीपीआयसी (जनुकांनुसार औषध-डोस सुचवणारा तज्ज्ञांचा गट) यांच्या 2018 च्या मार्गदर्शनानुसार एक प्रत सदोष असेल तर नेहमीच्या डोसच्या 30 ते 80 टक्क्यांनी सुरुवात; दोन्ही सदोष असतील तर कर्करोग नसलेल्या आजारात दुसरं औषध. मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध) या दोन एन्झाइमांवर अवलंबून नाही, पण गर्भाला घातक. वय 34 आहे, मूल हवंय का हे विचारल्याशिवाय ते लिहू नये. देण्याआधी गर्भचाचणी आणि खात्रीचं गर्भनिरोधन हवंच.
मूल हवं असेल तर टॅक्रोलिमसचा विचार होतो. त्याचं एन्झाइम वेगळं, सीवायपी3ए5. ते ज्यांच्यात जोमाने चालतं त्यांना डोस जास्त लागतो, म्हणून सकाळच्या गोळीआधी, म्हणजे आदल्या डोसनंतर 12 तासांनी, रक्तातली पातळी बघूनच डोस ठरवायचा. गणपतीत पपनस घरोघरी असतं. ते टॅक्रोलिमस घेणाऱ्याने खाऊ नये, पातळी चढते.

कुडाळ_फार्मसी
फेबुक्सोस्टॅट नाही, को-ट्रायमॉक्साझोलही नाही. दोन्ही जनुकांचा फॉर्म भरून उद्या नमुना पाठवतो, रक्त चढवल्याची तारीख त्यावर लिहितो.

लॅबवाला_चिपळूण
तारीख लिहाच. आणि रिपोर्ट आला की सदोष प्रतींची नोंद रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत करा. सख्ख्या भावंडांना कधी हेच औषध लिहून मिळालं तर त्यांचीही तपासणी आधी व्हायला हवी.