गटमुलाखत की सामूहिक मुलाखत?

एकाच पदासाठी आलेल्या पाच-सहा उमेदवारांना एकत्र बसवून मुलाखत घेतली, तर तिला मराठीत काय म्हणावे, असा आपला प्रश्न आहे. माझे मत ‘गटमुलाखत’कडे झुकते. सामूहिक रजा, सामूहिक राजीनामे, सामूहिक प्रार्थना या प्रयोगांत अनेकजण एकाच हेतूने, मिळून काही करतात, असा भाव असतो. मुलाखतीला शेजारी-शेजारी बसलेले उमेदवार मात्र एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात आणि निवड एकेकाचीच व्हायची असते. ‘संयुक्त मुलाखत’ तर मला मुळीच पटत नाही, कारण दोन कार्यालयांनी मिळून घेतलेली मुलाखत असा अर्थ त्यातून निघतो.

गटाने घेतलेली की गटाची, अशी शंका ‘गटमुलाखत’बद्दलही येऊ शकते. परंतु अनेक परीक्षक एकाच उमेदवाराला प्रश्न विचारतात, त्या परीक्षकांना ‘मुलाखत मंडळ’ हा शब्द रूढ आहेच, आणि जाहिरातीत ‘उमेदवारांची गटमुलाखत’ असे लिहिले की शंका उरत नाही.

‘गटचर्चा’ हा मात्र पर्यायी शब्द नव्हे. सैन्यदलांच्या अधिकारी-निवडीसाठी होणारी एसएसबीची (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड या निवड मंडळाची) चाचणी पाहिली, तर हा भेद स्पष्ट होतो: तेथे गटचर्चेत उमेदवार आपापसांत बोलतात आणि परीक्षक केवळ निरीक्षण करतो, तर मुलाखत प्रत्येकाची स्वतंत्र होते. गटमुलाखतीत उमेदवार एकत्र असले, तरी प्रश्न विचारतो तो मुलाखत घेणाराच.

हिंदी मजकुरावरून भाषांतर करणाऱ्यांनी ‘सामूहिक साक्षात्कार’ कृपया लिहू नये. हिंदीत मुलाखतीला साक्षात्कार म्हणतात, मराठीत मात्र साक्षात्कार देवाचा किंवा सत्याचा होतो. ‘मुलाखत’ हा मूळ अरबी शब्द हिंदीत ‘मुलाकात’ म्हणून साध्या भेटीसाठी वापरला जातो. जुन्या मराठी पत्रव्यवहारातही त्याचा अर्थ भेट असाच होता. आजच्या मराठीत तो प्रश्नोत्तरांच्या भेटीपुरता राहिला, आणि हा नेमकेपणा मला फार मोलाचा वाटतो.

लिहिताना शब्द तोडू नये. गटचर्चा, गटशेती, गटप्रमुख यांप्रमाणे ‘गटमुलाखत’ हाही समास असल्याने तो जोडूनच लिहावा.