फौजदारी कायद्यात सरसकट 'ज्येष्ठ नागरिक' लिहा, अशी मागणी करावी का?

संघाचा चिटणीस:
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला फौजदारी कायद्यातली म्हाताऱ्यांबद्दलची भाषा सुधारा, असं निवेदन द्यायचंय. मसुदा अर्थातच माझ्या गळ्यात. सभेत 'अशक्त' आणि 'असहाय' या दोन शब्दांवरून अशी खडाजंगी झाली की चहा गार झाला. रोज टेकडी चढणारे आमचे उपाध्यक्ष तर म्हणाले, "मला अशक्त ठरवणारा कायदा कोण?" माझ्या मते सगळीकडे 'ज्येष्ठ नागरिक' घालावं आणि मोकळं व्हावं. काही अडचण?

केस पांढरे झालेला वकील:
चिटणीस, हे अंगाशी येईल. 'ज्येष्ठ नागरिक' म्हणजे आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यानुसार भारताचा नागरिक आणि वय 60 पूर्ण. दोन्ही अटी हव्यात.

आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम 35(7) बघा. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस अशक्त असेल किंवा साठीच्या पुढचा असेल, तर निदान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक नाही. त्यातला 'किंवा' महत्त्वाचा. उपाध्यक्ष वयावरच आत येतात, त्यांना कोणी अशक्त म्हटलेलंच नाही. पण डायलिसिसवर असलेला पंचावन्नचा माणूस 'अशक्त' या शब्दावरच वाचू शकतो. तुम्ही मानापोटी शब्द खोडायचात आणि त्याचं संरक्षण जायचं.

संघाचा चिटणीस:
बरं, 'अशक्त' राहू दे. 'असहाय'चं काय?

पोलीस ठाण्यातून निवृत्त हवालदार:
मध्येच बोलतो. शब्दांपेक्षा वयाचा आकडा बघा. साक्षीदाराला जबाबासाठी ठाण्यात बोलावण्यात पुरुषांना पूर्वी 65 नंतर सूट होती, आता त्याच संहितेच्या कलम 179 मध्ये ती 60 नंतर आहे. बाईमाणसाला कुठल्याही वयात. पण वय ठरवायचं कशावरून? अनेक म्हाताऱ्यांच्या कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी, म्हणजे कुणीतरी अंदाजाने टाकलेली. शंका असेल तर फायदा वृद्धाला द्यावा, एवढी ओळ निवेदनात घालाच.

केस पांढरे झालेला वकील:
हवालदारसाहेबांचं बरोबर आहे, घाला ती ओळ.

'असहाय' भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे दंडसंहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम 357 मध्ये येतो. सांभाळायचा करार करून ऐनवेळी वाऱ्यावर सोडणाऱ्यासाठी ते कलम आहे. जुन्या दंडसंहितेत हेच 491 होतं. दंडाची मर्यादा 200 रुपयांवरून 5000 वर गेली, पण असहायतेची कारणं तीच: लहान वय, मनोविकलता, आजार, शारीरिक दुर्बलता. बालपणाचा उल्लेख आहे, म्हातारपणाचा नाही! ते दुर्बलतेत बसवावं लागतं. तिथे 'वार्धक्य' घाला, ही मागणी रास्त आहे.

मात्र हे कलम करार केलेल्या माणसाला लागतं, म्हणजे पगारी मदतनिसाला. मुलाला नाही. सांभाळायची जबाबदारी असून वृद्धाला कायमचं टाकून देणाऱ्यासाठी 2007 च्या कायद्याचं कलम 24 आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि इथेच तुमचा लाडका शब्द आडवा येतो. अंथरुणाला खिळलेल्या सत्तावन्न वर्षांच्या आईला मुलाने स्टँडवर सोडलं, तर ती आई म्हणून निर्वाहखर्च मागू शकते, पण ज्येष्ठ नागरिक नसल्याने कलम 24 लागत नाही. म्हणून मसुद्यात असं लिहा: "कलम 24 मध्ये 'ज्येष्ठ नागरिक' या शब्दांपुढे 'किंवा आईवडील' हे शब्द घालावेत."