हलक्या पिकअपमध्ये जड डिझेल इंजिन बसवायचंय, कुठलं घेऊ?

चेसिसवेडा:
मंडळी, जुनी हलकी पिकअप आहे, चार सिलिंडर पेट्रोल, इंजिन पार दमलंय, तेल पितं आणि धूर ओकतं. चेसिस मात्र ठणठणीत, म्हणून मोडीत काढवत नाही. मनात आहे कमिन्स ६बीटी टाकायचं, ५.९ लिटर, १२ व्हॉल्व्ह, यांत्रिक पंपवालं, सेन्सर-बिन्सरची भानगडच नको. बॉनेट उघडून टेप लावला, रेडिएटर पुढे सरकवला तर लांबीत बसेल असं दिसतंय. कुणी केलंय का? हेच घेऊ का दुसरं काही सुचवाल?

पाना_१९:
लांबी मोजलीस, वजनाचं काय? ६बीटी कोरडं, म्हणजे तेल-पाणी न भरता, ५०० किलोच्या आसपास जातं. तुझं पेट्रोल इंजिन फार तर दीडशे. वरचं सगळं वजन पुढच्या एक्सलवर. डॉजने १९८९ ला हे इंजिन पिकअपमध्ये दिलं ते जड चेसिसच्या मॉडेलांना, आणि तेव्हाच १६० हॉर्सपॉवर, ५४० न्यूटन मीटर टॉर्क होता. तुझा गिअरबॉक्स त्याच्या निम्म्या टॉर्कलाही बनलेला नसणार. नाकापेक्षा मोती जड व्हायचा राव.

धुरांडं:
+१. मी ६ च्या ऐवजी ४बीटी टाकलेलं, ३.९ लिटर, ३४० किलोच्या घरात. ओढायला राक्षस, त्याबद्दल तक्रारच नाही, पण मोठं चार सिलिंडर आणि आत थरथर मारणारा बॅलन्स शाफ्ट नाही, त्यामुळे आयडलला आरशात मागून एक ट्रक येतोय का दोन तेच कळायचं नाही. डॅशबोर्डचे स्क्रू आपोआप सैल व्हायचे, मी पानाच सीटखाली ठेवून दिलेला. आधी कडक माउंटिंग लावली हा माझा गाढवपणा, नंतर मऊ रबरी लावली तेव्हा कुठे बसवेना झालेली गाडी बसण्यालायक झाली.

आणि एक, ४बीटी घे नाहीतर १२ व्हॉल्व्हवालं ६बीटी, बसवायच्या आधी टायमिंग कव्हर खोलून आतली डॉवेल पिन बघ. बोटाच्या पेराएवढी स्टीलची पिन, थरथरीने हळूहळू बाहेर सरकते आणि एक दिवस गिअरमध्ये पडते, मग केसिंगच फुटतं. शेजारच्या बोल्टखाली छोटी पट्टी अडकवली की पिन जागची हलत नाही. इंजिन जमिनीवर असताना निवांत होणारं काम आहे, गाडीत बसल्यावर रडवतं.

क्राउनपिनियन:
सगळे टॉर्कवर बोलताय, फेऱ्यांचं कोण बघणार? २९ इंची टायर एका फेऱ्यात साधारण २.३ मीटर जातं. म्हणजे ताशी १०० ला चाक मिनिटाला ७२० वेळा फिरतं. मागे ४.१० चं क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधली गिअरजोडी, आणि टॉप गिअर डायरेक्ट, म्हणजे १:१, असेल तर इंजिन २९५० वर, आणि या असल्या इंजिनांचा गव्हर्नर, म्हणजे फेऱ्यांना आवर घालणारा भाग, बहुतेक वेळा २५०० च्या आसपासच डिझेल तोडायला लागतो. गाडी ऐंशीच्या पुढे रडत जाईल. ०.७३ चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे डायरेक्टच्याही वरचा गिअर, मिळाला तर तेच २१५० वर येतं. पेट्रोलचं क्राउन तसंच ठेवून इंजिन बदलणारे इथेच फसतात.

ऑइलचेंबर:
ब्रेक विसरू नका. डिझेलला थ्रॉटल नसतो, म्हणून ब्रेक पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरला वॅक्युम मिळत नाही, वेगळा वॅक्युम पंप लागतो. माझ्या ओळखीच्यातल्या एकाने पहिली ट्रायल मारली तेव्हा पेडल दगडासारखं, गाडी थांबली ती हँडब्रेकवर. बाकी घेतानाच सेल्फ १२ व्होल्टचा आहे का २४ चा ते बघ, इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा खोल भाग पुढे आहे का मागे ते बघ, नाहीतर क्रॉसमेंबरला आपटतो. आणि नोंदणीतलं इंजिन बदलायची परवानगी आधी, इंजिन नंतर.

पाना_१९:
मला विचारशील तर इसुझु ४जेबी१ शोध. २.८ लिटर, ४बीटीपेक्षा बरंच हलकं, टायमिंग गिअरवर, पंप यांत्रिकच. आणि ते पिकअपमध्ये कंपनीतूनच यायचं, त्यामुळे इंजिन-गिअरबॉक्स जोडीने मिळतो, दोघांना जोडणारी अडॅप्टर प्लेट खरादून घ्यायची कटकट वाचते. पण आधी गाडी वजनकाट्यावर ने, फक्त पुढची चाकं चढव.

चेसिसवेडा:
नेली काल. रिकामी गाडी, पुढे ७६० किलो, प्लेटवर पुढच्या एक्सलची मर्यादा १०२०. म्हणजे हातात २६०. ६बीटी तर गेलंच. ४बीटीचे १९० वाढतात, वर मोठा रेडिएटर, इंटरकूलर, मोठी बॅटरी, जड गिअरबॉक्सचा पुढचा वाटा धरून अजून साठ-सत्तर, मग मी कुठे बसू, टपावर? ६बीटीवाल्याला नाही म्हणून कळवलं, जिवावर आलं पण कळवलं. ४जेबी१ बघतोय आता, गिअरबॉक्ससकट. गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलला जाणारा प्रोपेलर शाफ्ट आत्ताच कापून ठेवू का?

धुरांडं:
अजिबात नको. इंजिन माउंटिंगवर पक्कं बसू दे, गाडी चारी चाकांवर उभी कर, जॅकवर नाही, आणि मग माप घे. मी जॅकवर घेतलेलं, बोटभर आखूड निघाला.